साक्ष खरी, आरोप खोटा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत, सेलम इथं, जून १६९२ मध्ये जॉन लाउडर नावाच्या माणसानं न्यायालयात शपथेवर एक हकीगत सांगितली. काही वर्षांपूर्वी ब्रिजेट बिशप नावाच्या बाईशी त्याचा खटका उडाला होता. तिच्या कोंबड्या परसात शिरायच्या, त्यावरून. त्यानंतर एका रात्री त्याला जाग आली ती छातीवरच्या भल्यामोठ्या ओझ्यानं. बाहेर लख्ख चांदणं होतं. त्या उजेडात त्याला दिसलं, की ब्रिजेट, किंवा हुबेहूब तिच्यासारखं कोणीतरी, आपल्या पोटावर बसलंय. सुटका करून घ्यायला तो धडपडला, तसा तिनं त्याचा गळा आवळला. हातांत त्राणच नव्हतं. जवळजवळ उजाडेपर्यंत हे चाललं. असल्या आणखीही साक्षी ब्रिजेटविरुद्ध झाल्या आणि १० जूनला तिला फाशी दिलं. चेटूक केल्याच्या आरोपावरून त्या वर्षी सेलममध्ये एकोणीस जण फासावर गेले, त्यांतली ती पहिली.

लाउडर खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. कोंबड्यांच्या भांडणाचा सूड घ्यायला त्यानं हे रचलं, असं म्हणणं सोपं आहे. पण छातीवरचं ओझं, गळ्यावरची पकड, हातांतलं गेलेलं बळ आणि तरीही खोली स्पष्ट दिसत असणं, या चार गोष्टी एकत्र रचायला त्या गोष्टी आधी अनुभवलेल्या असाव्या लागतात. ज्याला झोपेत असं जखडायला झालंय त्याला ही साक्ष वाचताना ओळख पटते. तो माणूस स्वतःला जे झालं ते नीट सांगत होता. ते कोणी केलं, एवढंच तो चुकीचं सांगत होता.

हे दोन दावे वेगळे आहेत, आणि ते वेगळे ठेवणं हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे, असं माझं मत आहे. सेलमच्या न्यायालयानं दोन्ही एकत्र स्वीकारले. आज आपल्यातली बरीच शिकलेली माणसं दोन्ही एकत्र फेटाळतात. ‘तसलं काही नसतं, मनाचे खेळ आहेत’ म्हणून विषय संपवतात. जिवाला इजा करणारी चूक पहिली आहे, यात वाद नाही. पण दुसऱ्या चुकीमुळे पहिली टिकून राहते, म्हणून ती मला अधिक खटकते. ज्याला आपण खोटं ठरवतो तो माणूस गप्प बसत नाही. त्याचं खरं मानणाऱ्याकडे जातो.

पुण्यात सदाशिव पेठेत मी कॉट बेसिसवर राहत होतो तेव्हा हे मला अनेकदा व्हायचं. अभ्यासिकेत रात्र काढायची, पहाटे येऊन पडायचं, परत उठून जायचं, दुपारी मेसचा डबा खाऊन पुन्हा आडवं व्हायचं, असा तो काळ. झोपेला वेळ म्हणून नव्हतीच. दुपारी जाग यायची आणि डोळे उघडायचे. समोर भिंतीवरचं कालनिर्णय, वर संथ फिरणारा पंखा, पलीकडच्या कॉटवर पुस्तक घेऊन बसलेला रूम पार्टनर, वाचताना सवयीनं हलणारा त्याचा पायाचा अंगठा, सगळं जागच्या जागी. आणि कॉटच्या कडेला कोणीतरी येऊन बसायचं. दार वाजलेलं नसायचं, पण गादी एका बाजूला दबल्याचं पाठीला कळायचं. मग बरगड्यांवर दाब. पार्टनरला हाक मारायची म्हणून सगळा जीव गोळा करायचा, तर घशातून आवाजच नाही. करंगळी कशीबशी हलली, की क्षणात सगळं संपायचं. एकदा पार्टनरला विचारलं, तुला काय दिसलं? तो म्हणाला, ‘तू शांत झोपला होतास. डोळे थोडे उघडे होते. श्वास जरा वेडावाकडा चालला होता, बस.’

घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, छातीवर हात घेऊन झोपू नकोस, कुशीवर झोप, आणि निजताना भीमरूपी म्हण. एका डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान वर न करता ‘भास असतात, ताण घेऊ नका’ म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. आजीचा सल्ला उपयोगी पडला, तो का ते पुढे सांगतो. डॉक्टरांचं म्हणणं मात्र मला तेव्हाही पटलं नाही. भास म्हटलं तर कालनिर्णय भास नव्हतं, पंखा भास नव्हता, तो हलणारा अंगठा भास नव्हता. अंग हलत नव्हतं हा तर मुळीच भास नव्हता. ते खरोखर हलत नव्हतं. एवढ्या सगळ्या खऱ्या गोष्टींत एकच गोष्ट जास्तीची होती: कॉटच्या कडेला बसलेलं कोणीतरी. ती एक गोष्ट कुठून आली आणि बाकीच्या खऱ्या गोष्टी तशा का झाल्या, याचं उत्तर मिळायला हवं होतं. ते उत्तर तेव्हाही उपलब्ध होतं.

युजीन असेरिन्स्की आणि नाथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातून दाखवून दिलं, की झोप रात्रभर एकसारखी नसते. ठरावीक अंतरानं अशी एक अवस्था येते, जिच्यात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात. या अवस्थेत जागं केलं तर माणसं बहुधा स्वप्न सांगतात. तिला आज सगळे ‘रेम’ म्हणतात. साधारण दीड-दीड तासानं तिचा फेरा येतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. फ्रान्समधल्या लिआँ शहरात मिशेल झुव्हे मांजरांवर प्रयोग करत होता. त्याला दिसलं, की या अवस्थेत मेंदू जागेपणीइतकाच धावत असतो, पण अंगाचे स्नायू पार सैल पडलेले असतात. मेंदूच्या बुंध्याशी असलेल्या ‘पॉन्स’ या भागातून मज्जारज्जूला एक आदेश जातो आणि हातापायांचे स्नायू चालवणाऱ्या पेशी गप्प केल्या जातात. त्या भागाला इजा केलेली मांजरं मात्र झोपेतच उठून दबा धरायची, समोर काही नसताना झडप घालायची. ती स्वप्न करत होती.

माणसांतही हे पाहायला मिळतं. अमेरिकेतल्या मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांचा हा आडकाठीचा आदेश निकामी झाला होता. बहुतेक उतारवयातले पुरुष. स्वप्नात कोणी अंगावर धावून आलं की ते खरोखर ठोसे मारायचे, पलंगावरून उडी घ्यायचे, शेजारी झोपलेल्या बायकोला दुखापत व्हायची. अशा पुष्कळ जणांना पुढे पार्किन्सन किंवा त्याच जातीचा आजार होतो, हेही नंतर स्पष्ट झालं. रोज रात्री आपण सगळे काही वेळ लुळे पडतो आणि ते लुळं पडणंच आपल्याला व शेजारच्याला वाचवतं. फक्त त्या वेळी आपण शुद्धीवर नसतो, म्हणून ते कळत नाही.

कधी कधी शुद्ध आधी येते आणि स्नायूंची गाठ मागाहून सुटते. मधल्या त्या काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, माणूस जागा असतो, खोली पाहत असतो आणि रेमची अवस्था अजून चालू असते. झोपेत जखडणं म्हणतात ते हेच. डोळे हलतात, कारण रेममध्ये डोळ्यांच्या स्नायूंना मोकळीक असते. श्वास चालतो, कारण छाती आणि पोट यांच्यामधला मोठा पडदा काम करत राहतो.

छातीवरच्या ओझ्याचं काय? मला या सगळ्यातलं सर्वांत समाधान देणारं स्पष्टीकरण हे वाटतं. बरगड्यांमधले स्नायू रेममध्ये सैल पडलेले असतात. श्वास उथळ आणि अनियमित चालतो, पण जगायला पुरेसा असतो. झोपलेल्या माणसाला त्याची तक्रार नसते. जागा झालेला माणूस घाबरतो आणि घाबरला की मोठा श्वास घ्यायला जातो. मोठा श्वास घ्यायला बरगड्या उचलाव्या लागतात. हुकूम सुटतो, बरगड्या उचलल्या जात नाहीत. आपण जोर लावतोय आणि छाती वर येत नाही, याचा मेंदूला एकच अर्थ लागतो: कोणीतरी वरून दाबतंय. जितका जोर, तितका दाब. उताणं झोपलं की जीभ आणि घशाचे सैल भाग मागे सरकून वाट आणखी अरुंद करतात. उताणं झोपणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, हे पाहण्यांत आढळलं आहे. छातीवर हात घ्यायचे तर माणूस उताणाच असणार. आजी कुशीवर वळायला सांगत होती ते म्हणून लागू पडलं.

आणि ते बसलेलं कोणीतरी? रेममध्ये मेंदूतला धोका हुंगणारा भाग तापलेला असतो. हलता येत नाही ही माहिती त्याला मिळते आणि तो खोलीभर शिकारी शोधू लागतो. वरून स्वप्नाची यंत्रणा अजून चालू असते, ती त्या शोधाला रूप पुरवते. पण नुसती ‘कोणीतरी आहे’ ही जाणीव, काही न दिसताही येणारी, तिचं मूळ आणखी खोल आहे. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये एका तरुण स्त्रीची हकीगत छापली. अपस्माराच्या तपासणीसाठी तिच्या मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श देत होते. डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, स्पर्श झाला की तिला आपल्यामागे एक सावलीसारखा माणूस जाणवायचा. ती आडवी असली तर तो तिच्याखाली आडवा. ती गुडघ्यांना मिठी घालून बसली तर तोही बसलेला आणि तिला मिठीत घेतलेला. ते तिला नकोसं वाटलं. तो माणूस तिचाच देह होता. आपलं शरीर कुठे आहे याचा हिशेब मेंदू सतत मांडत असतो. तो बिघडला की स्वतःचीच दुसरी प्रत बाहेर उभी राहते. जखडलेल्या अवस्थेत हा हिशेब बिघडायला निमित्त पुरेसं असतं, कारण स्नायूंकडून परतीचा निरोपच येत नाही.

जपानमध्ये ताकेउची आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याही पुढचं पाऊल टाकलं. प्रयोगशाळेत झोपलेल्या धडधाकट माणसांना रात्री ठरवून उठवायचं, थोडा वेळ जागं ठेवायचं आणि पुन्हा झोपू द्यायचं. झोप अशी तोडली की काही जण पडल्या पडल्या थेट रेममध्ये शिरले आणि त्यांतल्या काहींना तारा जोडलेल्या अवस्थेत जखडण्याचा अनुभव आला. कुठलाही पिंपळ नाही, अमावास्या नाही, करणी नाही. नुसती तुटलेली झोप. रात्रपाळीच्या नर्स, पोलीस, अमेरिकेच्या वेळेनं काम करणारी हिंजवडीतली मुलं आणि पेठेतले परीक्षार्थी यांच्यापैकी कोणालाही विचारा. हाच प्रयोग ते स्वतःवर रोज करत असतात. शार्पलेस आणि बार्बर यांनी २०११ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा सर्वसाधारण लोकांत ७.६ टक्के आणि विद्यार्थ्यांत २८.३ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हे झाल्याचं आढळलं. अनियमित झोपेखेरीज दुसरीही कारणं आहेत. जुळ्यांच्या अभ्यासातून त्याचा आनुवंशिक भाग मोठा असल्याचं दिसतं. भयंकर प्रसंगातून गेलेल्यांना, उदाहरणार्थ कंबोडियातल्या नरसंहारातून वाचून अमेरिकेत आलेल्या निर्वासितांना, हे मोठ्या प्रमाणात होतं. एकाच कारणाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मग संस्कृतीचा वाटा कोणता? भुतांच्या गोष्टी ऐकून माणसाला भूत दिसतं, हा आपल्याकडचा आवडता युक्तिवाद. तो अपुरा आहे, हे डेव्हिड हफर्ड या लोकसाहित्याच्या अभ्यासकानं दाखवलं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर लोक ‘म्हातारी छातीवर बसते’ असं सांगतात. हफर्डला स्वतःला कॉलेजात असताना नेमका तोच अनुभव येऊन गेला होता आणि त्या म्हातारीचं नावही त्यानं तोवर ऐकलेलं नव्हतं. त्याला असे इतरही पुष्कळ जण भेटले. १९८२ च्या त्याच्या पुस्तकाचा निष्कर्ष सरळ आहे: अनुभव आधी, गोष्ट नंतर. जपानी माणूस त्याला कानाशिबारी म्हणतो, इटलीतल्या अब्रुझ्झोत पांडाफेके नावाची चेटकी येते, आपल्याकडे मुंजा, हडळ, खवीस. बंदोबस्तही सारखेच. अब्रुझ्झोत बिछान्याशी वाळूचा ढीग किंवा दाराशी झाडू ठेवतात, आपल्याकडे उशाखाली विळा किंवा अडकित्ता. इतक्या दूरदूरच्या लोकांनी एकमेकांची नक्कल केलेली नाही. सगळ्यांचं शरीर एक आहे.

पण म्हणून गोष्टी निरुपद्रवी ठरत नाहीत. बालंद जलाल आणि डेव्हन हिंटन यांनी इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली. इजिप्तमध्ये अनेक जण याला जिन्नचा प्रताप मानतात. तिथल्या लोकांना डॅनिश लोकांपेक्षा भीती जास्त वाटत होती, आपण यातच मरणार असं अधिक जणांना वाटत होतं आणि जखडलेलं राहणंही अधिक लांबत होतं. यात काहीच गूढ नाही. ज्याला जिन्नची भीती आहे तो झोपायला घाबरतो, झोप तुटते, तुटलेल्या झोपेतून पुन्हा जखडणं येतं. आणि प्रत्यक्ष त्या वेळी तो जास्त झगडतो, म्हणून छातीवरचा दाबही जास्त. पहिल्या वेळची भीती शरीर देतं, कोणालाही देतं. दहाव्या वेळची भीती मात्र आपण मनात बाळगलेलं स्पष्टीकरण देतं. याचा अर्थ, स्पष्टीकरण ही इथे वरून लावलेली माहिती उरत नाही. तो त्या अनुभवाचाच एक भाग असतो. खरं कारण आधी ठाऊक असलेल्या माणसाला ते मिनिट वेगळं जातं. शरीराच्या सगळ्याच तक्रारींत असं घडत नाही. दाताची कीड समजून घेतल्यानं दात दुखायचा थांबत नाही.

भगताकडे जाण्यातला धोका इथेच आहे. त्यानं दिलेल्या अंगाऱ्यानं कदाचित दोन रात्री शांत झोप लागेलही. माझं भांडण अंगाऱ्याशी नाही, आणि आजीच्या भीमरूपीशी तर नाहीच, कारण निजण्यापूर्वी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लयीत काही म्हणण्यानं मन निवतं. पण भगत बाधेचं नाव घेतो. बाधा आली की ती लावणारं कोणीतरी लागतं. लाउडरला कोंबड्यांच्या मालकिणीचा चेहरा दिसला. इथे कोणाला बांधावरून भांडलेली भावजय दिसेल, कोणाला विधवा शेजारीण. जिच्याशी बिनसलेलं असतं तिचा चेहरा रेममधला मेंदू आधी पुढे करतो. सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून छळल्याच्या घटना आजच्या आहेत. त्या प्रत्येकीमागे झोपेतलं जखडणं असतं असं मी म्हणत नाही. जमीन, द्वेष, आजार, सगळं असतं. पण ‘ती रात्री माझ्या छातीवर बसली, मी डोळ्यांनी पाहिली’ ही साक्ष जिथे दिली जाते, तिथे ‘तुला भास झाला’ हे उत्तर टिकत नाही. त्यानं पाहिलेलं असतं. त्याला हे सांगावं लागतं, की तू पाहिलंस ते कबूल, आता ते कसं दिसतं ते ऐक.

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, एखादी व्यक्ती करणी करते किंवा भूत लावते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं, हे सगळं त्यात गुन्हा ठरलं. हा कायदा आवश्यकच होता. तो आरोपाला आवरतो. पहाटे घामाघूम होऊन उठलेल्या मुलीला काय झालं, हे सांगण्याचं काम कायदा करू शकत नाही; ते शिक्षकांचं, डॉक्टरांचं आणि घरातल्यांचं आहे. आणि ते पहिल्या झटक्याच्या आधी व्हायला हवं. पाळी येण्यापूर्वी मुलींना तिच्याबद्दल सांगावं, हे आता आपल्याला पटलंय. सोळा-सतराव्या वर्षी वसतिगृहात जाणाऱ्या मुलामुलींना, पोलीस भरतीच्या आणि नर्सिंगच्या प्रशिक्षणार्थींना हे दहा मिनिटांत सांगता येतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. तरी आपण सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सांगायचं ते थोडं आहे. जखडल्याचं लक्षात आलं की हातपाय ओढू नका आणि मोठा श्वास घ्यायला जाऊ नका. श्वास चालूच आहे, त्याला त्याच्या गतीनं चालू द्या. डोळे मिटून घ्या. हे रेम आहे, मिनिटाभरात सुटेल, असं मनात म्हणा आणि एखाद्या आवडत्या माणसावर किंवा प्रार्थनेवर लक्ष धरून ठेवा. बालंद जलाल यांनी सुचवलेल्या उपायाचं सार हेच आहे. पुन्हा लगेच उताणं झोपू नका. उठून बसा, पाणी प्या, मग कुशीवर पडा. एरवी झोपेची वेळ सांभाळा. रात्री दारू घेऊन झोपणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की दारूनं आधी दाबलं गेलेलं रेम पहाटे उसळून येतं.

आणि घरात कोणी सकाळी अशी हकीगत सांगितली, तर हसण्याआधी किंवा मीठ-मोहऱ्या ओवाळण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. गेले काही दिवस झोप किती झाली? घोरताना मध्येच श्वास अडकतो का? दिवसा बोलता बोलता, जेवता जेवता अनावर झोप येते का? खळखळून हसताना गुडघ्यांतलं बळ एकदम जातं का? शेवटच्या दोन्हींना ‘हो’ आलं, तर तो नार्कोलेप्सी हा आजार असू शकतो. मेंदूत ऑरेक्सिन हे जागं ठेवणारं द्रव्य बनवणाऱ्या पेशी त्यात नष्ट झालेल्या असतात. त्यावर औषधं आहेत, आणि ती मेंदूविकारतज्ज्ञ किंवा निद्राविकारतज्ज्ञच देऊ शकतात. श्वास अडकत असेल तर त्याचीही तपासणी रात्रभर झोपवून करता येते. यातलं काहीच नसेल, आणि बहुतेकांत नसतंच, तर आज रात्री वेळेवर, कुशीवर झोप, एवढं सांगून पुरतं.